हो’ओकेनाची गाणी हुलाच्या साथीला: व्हॅम्प, लय, उच्चार आणि शेवट

तरफ

हवाईयन भाषेत गाणाऱ्या हो’ओकेना या गटाची पाच-सहा गाणी बसवली आहेत. दोन युकुलेले, एक गिटार आणि तीन गळे, एवढाच संच. नुसतं ऐकायला बरं वाटतं, पण त्यावर हुला, म्हणजे हवाईचा पारंपरिक नाच, सुरू झाला की गाडी अडते.

दोन कडव्यांच्या मधे जो छोटा वाद्यांचा तुकडा येतो तो आमच्याकडून कधी एकदा वाजतो, कधी दोनदा, आणि नाचणाऱ्यांचं पाऊल त्यात हरवतं. चौथ्या कडव्यापर्यंत लय चढलेली असते. शेवट कुठे करायचा यावर वाजवणाऱ्यांचंच एकमत नसतं. शिवाय मूळ रेकॉर्डिंगमधल्या पट्टीत वरचे सूर लागत नाहीत. पट्टी उतरवली तर हुलाला चालते का?

नाचणाऱ्या तयारीच्या आहेत, पावलं त्यांना येतात. दोष साथीत आहे. नेमकं काय बदलायचं ते सांगा.


समेवर

आधी प्रत्येक गाण्याची बांधणी ओळखा, म्हणजे मधला तुकडा आणि शेवट हे दोन्ही प्रश्न एकदमच सुटतील.

हुलासाठी जी गाणी घेतली जातात त्यांतली पुष्कळशी ‘हुला कु’ई’ घाटाची असतात. राजा कालाकाउआच्या कारकिर्दीत, १८८०च्या दशकात, हा घाट रुळला. कु’ई म्हणजे जोडणे. जुनं पठण आणि जुनी पावलं यांना तारवाद्यांची नवी साथ जोडली, ती ही जोडणी. कडवं दोन ओळींचं. नेहमीच्या मापात एका ओळीला चार-चार मात्रांची चार आवर्तनं, म्हणजे १६ मात्रा. कडवं ३२ मात्रांचं. कडव्याच्या पाठोपाठ ८ मात्रांचा व्हॅम्प, मग तेच कडवं पुन्हा, पुन्हा व्हॅम्प, आणि मग पुढचं कडवं. तुम्ही म्हणताय तो तुकडा म्हणजे हा व्हॅम्प.

त्याचे स्वरमेळ, म्हणजे कॉर्ड, ठरलेले असतात: पहिला २ मात्रा, दुसरा २ मात्रा, तिसरा ४ मात्रा. सी पट्टीत डी७, जी७, सी. एफ पट्टीत जी७, सी७, एफ. जी पट्टीत ए७, डी७, जी. युकुलेलेवर डी७ साठी २२२३ ऐवजी २०२० ही पकड घ्या (आकडे म्हणजे चार तारांवरचे पडदे, ० म्हणजे मोकळी तार). तिच्यात मूळ डी नसतो, पण तो गिटारच्या खर्जात मिळतोच, आणि तिथून जी७ कडे (०२१२) हात लवकर पोचतो. स्वरमेळ बदलताना हात अडखळला की मात्रा तिथेच सांडते.

व्हॅम्प हा भावगीतातल्या म्युझिक पीससारखा भरणा नाही. नाचणाऱ्यांसाठी त्या ८ मात्रा म्हणजे दोन काहोलो: चार मात्रांत उजवीकडे, चार मात्रांत डावीकडे. त्याच्या उत्तरार्धात ‘काहेआ’ होतो, म्हणजे येणाऱ्या कडव्याचे पहिले दोन-तीन शब्द एकजण मोठ्याने पुकारतो. कोणतं कडवं येतंय हे नाचणाऱ्यांना आणि वाजवणाऱ्यांना तिथे कळतं. तिथे गिटारवाला शेवटच्या स्वरमेळावर रेंगाळला आणि ८ च्या १० मात्रा झाल्या, की काहोलो अर्ध्यावर तुटतो आणि पुढची सगळी ओळ चुकीच्या पायावर जाते. पाऊल हरवतं ते बहुतेक इथेच.

दुसरा सापळा असा की अनेक ओळींची पहिली एक-दोन अक्षरं मुखड्यासारखी समेच्या आधी उठतात. ती व्हॅम्पच्या ८व्या मात्रेवर पडतात. त्या अक्षरापासून ‘एक’ मोजलं की सगळे एक मात्रा पुढे निघून जातात. त्यामुळे मोजणी गळ्यावरून करू नका, स्वरमेळ जिथे बदलतो तिथून करा.

एकदा की दोनदा? सुरुवातीला दोनदा: पहिल्यात लय बसते, दुसऱ्यात पाऊल सुरू होतं. मधे एकदा. अखेरीस दोनदा.

शेवट गाण्यातच सांगितलेला असतो. अखेरचं कडवं बहुधा ‘हा’इना ’इआ माइ’ अशा शब्दांनी उघडतं. गाण्याचं सार आता सांगितलं जावो, असा त्याचा अर्थ. ते दोनदा होतं. तिसऱ्यांदा हवं असेल तर ‘हा’इना होउ’ असा काहेआ देतात. मग दोन व्हॅम्प, आणि शेवटच्या व्हॅम्पच्या तिसऱ्या स्वरमेळावर सगळ्यांचा एकच छोटा, मिटलेला आघात. तार घुमत ठेवू नका, कारण नमस्काराची मुद्रा त्या आघातावर येऊन थांबते.

लांबीचा अंदाज हवा असेल तर मिनिटाला १०० मात्रांच्या लयीत एक कडवं आणि व्हॅम्प मिळून ४० मात्रा, म्हणजे २४ सेकंद. चार कडवी दुहेरी, सुरुवातीचे दोन व्हॅम्प आणि एक जादा हा’इना धरलं तर सुमारे पावणेचार मिनिटं.


दुसरी_ओळ

@समेवर, बांधणी चोख सांगितलीत. पण ‘मधे एकदा’ हा नियम म्हणून धरू नये. कडव्यांमधे दुहेरी व्हॅम्प घेणारे कुमु हुला, म्हणजे नृत्याचे गुरू, पुष्कळ आहेत. रांगा बदलायच्या असतील तर ८ मात्रा पुरत नाहीत. संख्या गुरूने ठरवायची आणि मग ती गाण्यात कुठेही बदलायची नाही.

शिवाय हो’ओकेनाच्या यादीतलं प्रत्येक गाणं हुला कु’ई नाही. काही गाण्यांना ‘हुई’, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारं ध्रुवपद असतं. हा घाट ‘हीमेनी’चा, १८२० पासून आलेल्या मिशनऱ्यांच्या स्तोत्रांमधून तो हवाईयन गाण्यात उतरला. तिथे व्हॅम्प नसतो किंवा फक्त सुरुवातीला असतो, कडवी लांब असतात, आणि हा’इनाची खूण मिळेलच असं नाही. अशा गाण्यावर जबरदस्तीने व्हॅम्प चिकटवला की हुई उघडी पडते. ३/४ मधल्या, म्हणजे तीन-तीन मात्रांच्या, गाण्यांना काहोलोचा चार मात्रांचा हिशोबच लागू नाही, ती वेगळी बसवा.

आणखी एक गोष्ट ‘पा’आनी’ची. ध्वनिमुद्रणात मधेच एक कडवंभर स्टील गिटार किंवा युकुलेले एकटं खेळतं, गाणं थांबतं, ते पा’आनी. नाचणाऱ्यांच्या हाताला तेव्हा शब्द नसतात. गुरूने तिथे काही बसवलं असेल तरच ठेवा, नाहीतर काढून टाका. काढलं म्हणून गाण्याचं काही उणं होत नाही. ठेवलं तर ते पूर्ण ३२ मात्रांचंच असायला हवं. वादकाला रंग चढला म्हणून चार मात्रा वाढवता येत नाहीत.


लगाव

लय चढण्याचं कारण व्हॅम्पमध्येच आहे. कडव्यात एक स्वरमेळ चार किंवा आठ मात्रा टिकतो. व्हॅम्पमध्ये तो दोन मात्रांत बदलतो. हात अचानक दुप्पट कामाला लागतो, त्याला घाई होते, आणि तीच घाई पुढच्या कडव्यात जाते. दर व्हॅम्पला एक-दीड ठोका वाढला तरी आठ फेऱ्यांत १०० ची ११२ सहज होते. तेव्हा २४ सेकंदांचं काम साडेएकवीस सेकंदांत उरकायला लागतं. ’उवेहे हे पाऊल घ्या. त्यात पाय टेकवून दोन्ही टाचा उचलतात, गुडघे पुढे येतात, मग टाचा खाली. लय चढली की टाचा खाली यायच्या आधीच पुढचं पाऊल येतं. ’अमीमध्ये कमरेचं वर्तुळ पुरं न होता अर्ध्यावर तुटतं. बघणाऱ्याला वाटतं नाचणारीची तयारी कमी आहे.

उपाय: मेट्रोनोम १०० वर न लावता ५० वर लावा आणि ते ठोके २ऱ्या आणि ४थ्या मात्रेवर घ्या. फक्त ‘कडव्याची शेवटची ओळ, व्हॅम्प, पुढच्या कडव्याची पहिली ओळ’ एवढाच भाग दहा-वीस वेळा घोळा. मग मेट्रोनोम बंद करून पूर्ण गाणं रेकॉर्ड करा आणि प्रत्येक फेरीचा वेळ घड्याळावर काढा. पहिल्या आणि आठव्या फेरीत अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त फरक नको.

आता गळ्याबद्दल, कारण मला तिथे जास्त धोका दिसतो. तुम्ही रेकॉर्डिंग ऐकून बसवलंय, म्हणजे शब्द मागे ओढायची सवय नकळत लागली असेल. ऐकण्यासाठी गायलेल्या गाण्यात शब्द मात्रेच्या थोडा मागे सोडला की गोड लागतो. हुलात हात तो शब्द दाखवत असतात. हिलोच्या कानीलेहुआ पावसाचं नाव आलं की बोटं पाऊस होऊन उतरतात. मानोआच्या तुआहिने पावसाचं, वाइमेआच्या बोचऱ्या कीपु’उपु’उचंही तसंच. ठिकाण, वारा, पाऊस, फूल यांच्या नावांमागे अनेकदा माणसाचा किंवा प्रेमाचा दडलेला अर्थ असतो, त्याला काओना म्हणतात. हात आधी आणि नाव नंतर आलं तर तो अर्थ जुळत नाही. नावं मात्रेवर ठेवा. स्वर लांबवायचा असेल तर ओळीच्या शेवटी लांबवा, तिथे जागा असते.

हो’ओकेनाची गाणी हुलाला इतकी सोयीची का, याचं उत्तर मला इथेच सापडतं. १९८६ पासूनच्या या गटात बरीच वर्षं असलेले मानू बॉयड स्वतः कुमु हुला आहेत आणि गाणी रचतात. कोणत्या शब्दाला हाताला किती वेळ लागतो हे रचणाऱ्यालाच ठाऊक असलं की ओळी तशाच पडतात. द ब्रदर्स काझिमेरो या हवाईतल्या गायक भावांच्या जोडीच्या बाबतीतही हेच: रॉबर्ट काझिमेरो कुमु हुला, आणि उभा बासही तेच वाजवायचे. ‘हो’ओकेना’ या शब्दाचा अर्थ तहान भागवणे, आणि भाषेच्या बाबतीत तो मला फार खरा वाटतो. १८९६ च्या कायद्याने शाळांतून हवाईयन माध्यम गेलं, १९७८ मध्ये राज्यघटनेने तिला इंग्रजीबरोबर अधिकृत भाषा केलं. मधल्या काळात भाषा जिवंत राहिली त्यात गाण्यांचा वाटा मोठा आहे. म्हणून उच्चार हा इथे शोभेचा भाग नाही.


तरफ

व्हॅम्पमध्ये आमची मात्रा वाढत होती हे रेकॉर्डिंग मोजल्यावर दिसलं. ८ च्या जागी ९ आणि १०. मधे एकदा हे आता पक्कं केलं आहे.

उच्चारांबद्दल अजून सांगाल का? आमच्याकडचे छापील शब्द खुणांशिवाय आहेत. आणि बास नाही, तो कसा भरून काढायचा? पट्टीचा प्रश्न राहिलाच.


लगाव

खुणांशिवायच्या कागदावरून गाऊ नका. ’ओकिना आणि काहाको या दोन खुणा नसतील तर शब्द ओळखताच येत नाही. ’ओकिना म्हणजे घशात क्षणभर अडवलेला श्वास, तो या भाषेत पूर्ण व्यंजन मोजतात: पाच स्वर, आठ व्यंजनं, त्यांतलं हे एक. काहाको म्हणजे स्वरावरची आडवी रेघ, स्वर लांब. ‘कोउ’ म्हणजे तुझं, ‘को’उ’ म्हणजे माझं. प्रेमगीतात ही अदलाबदल झाली तर ओळीचा अर्थच फिरतो. ‘पाउ’ म्हणजे संपलं, आणि दीर्घ स्वर व ’ओकिना घातलेला ‘पा’ऊ’ म्हणजे हुलातला घागरा. पुकुई आणि एल्बर्ट यांच्या शब्दकोशात एकेक शब्द पाहून खुणा स्वतः भरा. एका गाण्याला दोन संध्याकाळी लागतील, लागू द्या.

मराठी जिभेच्या चुका ठरावीक आहेत. आपले ए आणि ओ कायम लांब असतात. हवाईयनमध्ये ते ऱ्हस्वही असतात, आणि प्रत्येक ए ताणला की ओळ मात्रेत मावत नाही. दुसरी चूक: दोन स्वर शेजारी आले की आपण मधे य किंवा व घालतो. साध्या जोडीत, जसं ‘पुआ’ म्हणजे फूल, हलकी व-छटा खपते. पण ’ओकिना असताना ती अजिबात नको. ‘हा’इना’ तीन अक्षरांचा आहे; त्याचं ‘हायना’ केलं की तो शब्दच राहत नाही. तिसरी: ‘आए’ आणि ‘आइ’, ‘आओ’ आणि ‘आउ’ या जोड्या आपण एकसारख्या म्हणतो. त्या वेगळ्या आहेत, शेवटचा स्वर नीट ऐकू आला पाहिजे. आघात साधारणपणे शेवटून दुसऱ्या अक्षरावर किंवा दीर्घ स्वरावर पडतो, म्हणून ‘आलोहा’त वजन ‘लो’वर.

दोन गोष्टी आपल्या फायद्याच्या. क आणि प आपण फुंकर न मारता म्हणतो, इथे तेच हवं. आणि आपला व ओठ-दातांच्या सैल स्पर्शाचा आहे, तो बहुतेक जागी चालून जातो. फक्त ओ आणि उ नंतर ओठ थोडे जास्त गोल करा.


खर्ज

बास आणि पट्टी, दोन्हींचं उत्तर गिटार सैल करण्यात आहे.

हो’ओकेनात ख्रिस कामाका उभा बास वाजवतात (१९१६ पासून युकुलेले घडवणाऱ्या कामाका घराण्यातले) आणि त्यांच्या गाण्यांची चाल त्या बासवर उभी असते. तो नसेल तर गिटारच्या अंगठ्याला ते काम द्या. त्यासाठी की हो’आलु, म्हणजे सैल तारांची पद्धत उत्तम. सर्वांत प्रचलित मिळवणी टारो पॅच: जाड तारेकडून बारीक तारेकडे डी, जी, डी, जी, बी, डी. नेहमीच्या मिळवणीतून ६वी ई ची डी, ५वी ए ची जी, १ली ई ची डी, तिन्ही एकेक पूर्ण स्वर खाली. बाकी तीन तशाच. जी स्वरमेळावर अंगठा १ल्या मात्रेला मोकळी ५वी तार, ३ऱ्या मात्रेला मोकळी ४थी. व्हॅम्पमध्ये ए७ ला ५वी तार दुसऱ्या पडद्यावर, डी७ ला मोकळी ६वी, मग जी ला पुन्हा मोकळी ५वी आणि ४थी. डावा हात जवळजवळ रिकामा राहतो, त्यामुळे व्हॅम्प घाईत जात नाही.

खाली उतरवलेली तार थोड्या वेळात स्वतःच वर सरकते. म्हणून हव्या स्वराच्या खाली नेऊन मग वर आणा, आणि दहा मिनिटांनी पुन्हा तपासा. ६वी तार खडखडत असेल तर तारांचा जाड संच लावा. अंगठा हळू ठेवूनही खडखड जात नसेल तर दोष मिळवणीचा नाही, तारेचा आहे.

पट्टी खुशाल बदला. हुला पट्टीला बांधलेला नाही, गळ्याला जे झेपतं तेच बरोबर. टारो पॅचवर कापो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, दुसऱ्या पडद्यावर लावला की ए पट्टी. युकुलेलेचा व्हॅम्प मग बी७ (२३२२), ई७ (१२०२), ए (२१००). कापो तिसऱ्यावर बी फ्लॅट, पाचव्यावर सी. कापो पडद्याला अगदी चिकटून लावा, नाहीतर तारा चढतात, आणि लावल्यावर पुन्हा मिळवा.

मात्र उतरवताना एक पाहा. या परंपरेत पुरुषाचा कृत्रिम उंच आवाज, लेओ की’एकी’ए, हा लाजायचा प्रकार नाही, तो अलंकार आहे. हुई ’ओहाना या गटातले डेनिस पावाओ ऐका, ना पालापालाई या गटातले कुआना तोरेस काहेले ऐका. छातीच्या आवाजातून वरच्या आवाजात जाताना जो तडा जातो तो लपवत नाहीत, मुद्दाम ऐकवतात. त्या तड्यालाच हा’ई म्हणतात, आणि बायकांच्या गायकीला त्यावरूनच नाव आहे. पट्टी इतकी खाली नेली की तडाच येत नाही, तर गाणं सपाट होतं. असं ठेवा की ओळीतला सर्वांत वरचा सूर तुमच्या तड्याच्या एक-दोन स्वर वर राहील. तिथे जोर लावू नका. छातीचा आवाज ढकलत वर नेला की घसा फुटतो आणि सूर खाली बसतो. तड्याच्या आधीच्या स्वरावर आवाज हलका करा, हनुवटी वर उचलू नका, आणि उडी स्वरावर घ्या, व्यंजनावर नाही.

दोन युकुलेलेंनी एकच ठोका वाजवू नये. एकाने जुन्या ‘चालांगालांग’ पद्धतीने सतत वर-खाली झुलता ठोका धरावा, दुसऱ्याने कडव्यात फक्त २ऱ्या-४थ्या मात्रेवर आणि व्हॅम्पमध्ये एकेक तार छेडून. संथ गाण्यात चालांगालांग बंद. तिथे नाहेनाहे, म्हणजे मऊ, गोड वाजवणं हवं, आणि सर्वांत आधी युकुलेलेनेच आपला आवाज खाली आणायचा.


दुसरी_ओळ

बसण्याच्या जागेबद्दल कुणी बोललं नाही, पण सगळं बसल्यावरही गाणं तिथे बिघडतं. तिघेही शब्दांच्या कागदाकडे बघत बसले तर नाचणाऱ्यांची चूक कळतच नाही. निदान एकाला, शक्यतो अंगठ्याने खर्ज धरणाऱ्याला, पुढच्या रांगेचे पाय दिसले पाहिजेत. काहेआ कोण देणार, नाचणारी की गायक, तेही आधी ठरवा. दोघांनी वेगवेगळी कडवी पुकारली तर सावरता येत नाही. काहेआ चुकून चुकीच्या कडव्याचा गेला तर गायकांनी पुकारलेलंच कडवं गायचं, कारण हात त्याप्रमाणे उचलले गेलेले असतात. कुणी काहीच पुकारलं नाही तर तोच व्हॅम्प आणखी एकदा, पूर्ण ८ मात्रांचा, आणि त्याच्या पाचव्या मात्रेला गायकाने स्वतः पुकारायचं.


तरफ

गिटारवाल्याची जागा बदलली, आता त्याला पुढची रांग दिसते. काहेआ नाचणाऱ्यांकडेच ठेवला आहे. आता शब्दांच्या कागदावर खुणा भरायला घेतो.